सिंधुदुर्गातल्या होमस्टेची ऑनलाइन जाहिरात: पैसा कुठे लावायचा आणि कधी?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. देवबाग-तारकर्ली पट्ट्यातल्या 14 घरांनी मिळून होमस्टेचा गट केला आहे. सगळी घरं न्याहारी व निवास योजनेत नोंदलेली आहेत. मे आणि नाताळात खोली शिल्लक राहत नाही, एरवी शुकशुकाट. आपला जिल्हा 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे, तरी लोकांच्या डोक्यात तो दोन महिन्यांपुरताच. बुकिंगच्या संकेतस्थळांना 15-20 टक्के कमिशन जातं, ते कमी करायचं आहे. ऑनलाइन जाहिरातीसाठी वर्षाचे 60 हजार रुपये बाजूला काढलेत. गूगल की इन्स्टाग्राम? आणि कोणत्या महिन्यात?

कुडाळ_टेसन:
माध्यम नंतर ठरवा, आधी तारखा. तुमचं गिऱ्हाईक दोन प्रकारचं आहे आणि दोघांचं ठरवण्याचं गणित वेगळं.

मुंबई-ठाण्याचं कुटुंब बहुतेक रेल्वेने कुडाळला उतरणार. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी, सकाळी 8 ला उघडतं. सुट्टीच्या दिवसांत कोकणकन्या, तुतारी या गाड्या त्याच सकाळी भरतात. ज्याला तिकीट मिळालं नाही तो तुमची रील कितीही आवडली तरी येत नाही. म्हणून दिवाळीची जाहिरात सुट्टीच्या साधारण 75 दिवस आधी सुरू करा, 60व्या दिवशी बंद करा आणि त्यातच आरक्षण कोणत्या तारखेला उघडतं ते लिहा. दिवाळीला पंधरा दिवस उरलेले असताना मुंबईत जाहिरात करणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं.

कोल्हापूर, बेळगाव, सांगलीचा माणूस स्वतःच्या गाडीने घाट उतरतो. तो शनिवार-रविवारचा बेत बुधवार-गुरुवारी करतो. त्याच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला मंगळवार ते गुरुवारच जाहिरात चालवा, दिवसाला 300 रुपये. आठवड्याचे 900 होतात, चार महिन्यांचे पंधरा-सोळा हजार. तुमचा शुकशुकाट मोडला तर याच लोकांनी मोडेल, म्हणून यात हात आखडता घेऊ नका.

चिपी विमानतळावरच्या विमानांच्या वेळा पानावर पक्क्या लिहू नका, त्या बदलत राहतात.

नकाशावाला:
एक रुपयाही खर्च करण्याआधी गूगल मॅप्स नीट करा. देवबागला खाडी आणि समुद्राच्या मध्ये चिंचोळी पट्टी आहे. पिन पन्नास मीटर सरकली तरी गाडी दुसऱ्याच गल्लीत शिरते आणि समोरून टेम्पो आला की मागे घ्यायला जागा नसते. वैतागलेला माणूस जेवण कितीही चांगलं मिळालं तरी तीनच तारे देतो. पिन घराच्या छपरावर नको, गाडी जिथे लावायची त्या फाटकावर ठेवा.

गूगलवर 14 घरांची 14 वेगळी प्रोफाइल हवीत. सगळ्यांना गटाचा एकच फोन आणि एकच पत्ता दिलात तर गूगल ती एकमेकांची नक्कल समजून काढून टाकू शकतं. नाव पाटीवर आहे तेच द्या. ‘तारकर्ली बेस्ट बीच एसी होमस्टे स्कूबा’ असली शेपटं जोडली की प्रोफाइल निलंबित व्हायची भीती असते. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात. रस्ता, नावाची पाटी, कुलूप उघडून आतली खोली, सगळं न तोडता एकाच चित्रणात घ्या. म्हणजे आधी पाटी लावा!

फोटोंत संडास-बाथरूमचा एक स्वच्छ फोटो हवाच. कुटुंब घेऊन येणारा आधी तोच शोधतो. परीक्षणाच्या बदल्यात सोलकढी फुकट वगैरे करू नका, ते नियमाविरुद्ध आहे.

खाडीकाठ:
दोघांचेही आभार. मागे जाहिरात केली तेव्हा चौकशा पुष्कळ आल्या, पण ‘रेट?’ एवढंच विचारून लोक गप्प. यावर काय करायचं?

रापण:
‘रेट?’ला नुसता आकडा पाठवला की संभाषण तिथेच संपतं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तर ठेवा: दोन माणसांचा मुक्काम आणि न्याहारी किती, शाकाहारी थाळी किती, सुरमई थाळी किती, समुद्र चालत किती मिनिटं, आणि शेवटी एकच प्रश्न, ‘कोणत्या तारखा आणि किती माणसं?’ थाळीचा भाव लपवला की लोकांना लुटायची शंका येते. गटाच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ कोण बसणार ते ठरवा. संध्याकाळी सात ते दहा चौकशा जास्त असतात आणि अर्ध्या तासात उत्तर नाही मिळालं तर माणूस पुढच्या घराला विचारतो.

दुसरं, प्रत्येक जाहिरातीतून येणारा पहिला तयार संदेश वेगळा ठेवा. एकीला ‘कोल्हापूरहून विचारतोय’, दुसरीला ‘दिवाळीसाठी खोली हवी’. मग कुठून किती आले आणि किती टिकले, म्हणजे खोली घेतली, हे साध्या वहीतही मांडता येतं. न टिकलेल्यांचं कारणही लिहा. लाइक मोजू नका.

गूगलवर जाहिरात देताना ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘तिथे असलेले किंवा त्यात रस असलेले’ हा पर्याय आपोआप निवडलेला असतो. तो बदलून फक्त ‘तिथे असलेले’ करा, नाहीतर कोल्हापूरसाठी लावलेले पैसे कोल्हापूर बघायला निघालेल्या नागपूरकरावर जातात. जमीन, प्लॉट, नोकरी, टाइमटेबल शोधणाऱ्यांना जाहिरात दिसू नये म्हणून हे शब्द वगळायच्या यादीत टाका, देवनागरीत आणि रोमनमध्येही.

जुन्या पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच संदेश सगळ्यांना, पाठवत असाल तर एका यादीत 256 माणसं मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. निघताना पाहुण्याकडून नंबर सेव्ह करून घ्या.

आडवण:
पावसाळ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असते. यांत्रिक बोटींची मासेमारी जून-जुलै बंद. तरी जुलैत स्कूबाची रील आणि पापलेटच्या ताटाची जाहिरात फिरताना दिसते. आलेला माणूस चिडून परत जातो आणि नाव अख्ख्या तारकर्लीचं खराब होतं. 20 मेला त्या जाहिराती हाताने बंद करा. पावसात भातलावणी, आंबोलीचा धबधबा, कुळथाची पिठी, खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर त्या, हे दाखवा आणि ‘समुद्रात उतरता येणार नाही’ हे पहिल्याच ओळीत लिहा. गणपतीचे दिवस सोडा, तेव्हा घरात आपलीच माणसं असतात.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून काढून छापू नका. ती देवीच्या कौलाने ठरते. मजकूर आधी तयार ठेवा, तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी टाका. चाकरमानी त्याच संध्याकाळी खोल्या शोधायला लागतात.