क्लबहाऊसच्या कपाटात कॉमिक्स ठेवायचे का?

बी-३०२ ताई: नमस्कार सगळ्यांना. पोट्ट्यांसाठी पुस्तकं घ्यायचं ठरलंच आहे तर माझी विनंती, त्यात सुपरहिरोंच्या टीमवाले कॉमिक्स पण घ्या ना. म्हणजे लहान मुलांसाठीचे हलकेफुलके, ज्यात चार-पाच हिरो एकत्र येतात, आधी आपसातच भांडतात अन् मग मिळून काम फत्ते करतात. मे महिन्यात दुपारी कोणी बाहेर खेळू शकत नाही, सगळे घरोघरी मोबाईल घेऊन बसून राहिले.

सी-१०४ काका: ताई, थोरामोठ्यांची चरित्रं घ्या. हे ढिशूम ढिशूम कशाला? मुलं तेच शिकतात मग जिन्यात.

बी-३०२ ताई: काका चरित्रं पण घेऊच. पण टीमवाल्या गोष्टीत नुसती मारामारी नसते हो. अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टीमचा १९६३ चा पहिला अंक बघा, स्टॅन ली आणि जॅक कर्बीचा. लोकी हा खलनायक, त्याला हातोडेवाल्या थॉरशी हिशेब चुकता करायचा असतो म्हणून तो हल्क या धिप्पाड हिरव्या हिरोवर खोटा आळ आणतो, हल्कच्या मित्रांनी मदतीसाठी पाठवलेला रेडिओ मेसेज भलत्यांनाच जाऊन पोचतो अन् हे सगळे हिरो न ठरवता एका जागी जमतात, आणि हल्क कुठे लपलेला तर सर्कशीत, तोंडाला रंग लावून, रोबोट आहे असं भासवत! शेवटी लोकीला पकडतं कोण, थॉरचा हातोडा नाही काका, मुंग्या! अँटमॅनच्या मुंग्या त्याच्या पायाखालचा दरवाजा उघडतात अन् तो धाडकन खाली. सगळ्यात लहान जीव कामी येतात, सात वर्षाच्या पोराला यापेक्षा काय हवं?

ए-२०१ दादा: अन् टीमचं नाव सुचवते ती वास्प, त्यातली एकटी मुलगी. माझ्या पोरीला हे लई आवडलं होतं.

बी-३०२ ताई: हो ना! आणि दुसऱ्याच अंकात हल्क टीम सोडून निघून जातो, कारण बाकीचे आपल्याला किती घाबरतात हे त्याला कळतं. आपल्या इथे क्रिकेटमध्ये एखादं पोरगं बॅट उचलून घरी जातं तेव्हा आपण फक्त रागावतो. गोष्टीत तेच वाचलं की मुलं आपणहून बोलतात, तो का गेला, त्याला कोणी थांबवायला पाहिजे होतं का.

डी-४०३ वहिनी: पण हे सगळं इंग्लिशमध्ये ना? आमचा मराठी शाळेत आहे, मागे पडेल तो.

ए-२०१ दादा: वहिनी हिंदीत भरपूर आहे. आम्ही लहानपणी राज कॉमिक्स भाड्याने आणून वाचायचो, नागराज १९८६ पासून आहे, सुपर कमांडो ध्रुव १९८७ पासून. दोघं एकत्र आले की मजाच! नागराजच्या अंगात विष अन् साप, ध्रुवकडे काहीच शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला, प्राण्यापक्ष्यांशी बोलतो अन् विज्ञान वापरून डोकं लढवतो. आम्ही सगळे ध्रुवच व्हायचो खेळताना.

सी-१०४ काका: आमच्या वेळी इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ होता, मराठीत यायचा. अंक आला की वाड्यात ओढाताण.

बी-३०२ ताई: मग काका तुम्हीच वाचून दाखवा ना! एकेका पोराला एकेक हिरो द्यायचा, ज्याचा बोलण्याचा फुगा त्याने वाचायचा. ज्याला वाचन जमत नाही त्याच्या वाट्याला धडाम-खटाक, तोही टीममध्ये. एका चौकटीत दोन-तीनच ओळी असतात, दमत नाही कोणी. अन् चित्र बघून अडलेला शब्द कळतो, वहिनींचा मुलगा पण घेईल बघा पटकन.

डी-४०३ वहिनी: असं असेल तर ठीक.

बी-३०२ ताई: एकच काळजी घ्यायची, याच हिरोंचे मोठ्यांसाठीचे अंक पण मिळतात, त्यात रक्तबिक्त अन् खूप अंधारं वातावरण असतं. कव्हर पाहून उचलायचे नाही, आपल्यापैकी कोणीतरी आधी चाळून घ्यायचं.

सेक्रेटरी साहेब: मंजूर. अर्ध्या पैशात कॉमिक्स, अर्ध्यात बाकी पुस्तकं. बर्डीच्या बाजारात जुनी पुस्तकं बघायला कोण येतं? रविवारी सकाळीच जाऊ, ऊन चढायच्या आत.

सी-१०४ काका: मी येतो. चाळायचं काम माझ्याकडे द्या.

ए-२०१ दादा: माझी गाडी काढतो, तिघांची जागा आहे.