मदत हवी आहे: सी शार्पमध्ये 'सेट' दिलेला नाही, तरी यादी बाहेरून बदलते

धागाकर्ता:
सोलापुरातल्या एका चादर कारखान्यासाठी ऑर्डरचं सॉफ्टवेअर आहे, डॉटनेट 8 वर. 'ऑर्डर' क्लासमध्ये 'ओळी' ही प्रॉपर्टी: टाइप लिस्ट, फक्त गेट (वाचण्यासाठी; नवी किंमत देणारा सेट नाही). ओळ घातली की तिचे नग 'एकूणनग' फील्डमध्ये मिळवतो. पण डिस्पॅचच्या स्क्रीनमधून 'ऑर्डर.ओळी.रिमूव्हॲट(0)' झालं की 60 चादरींची ओळ जाते आणि बेरीज 240 च राहते. चलानवर 240, गठ्ठ्यात 180. कंपायलर अडवत का नाही?

प्रतिसाद 1:
सेट नाही म्हणजे 'ओळी'ला दुसरी लिस्ट जोडता येत नाही, एवढंच. आहे त्या लिस्टच्या आत काय चालतं, याच्याशी त्याचा संबंध नाही. गेटमधून तुम्ही खऱ्या लिस्टचाच रेफरन्स देताय. फील्डला रीडओन्ली लावलंत तरी हेच होईल.

लिस्ट प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवा, प्रॉपर्टीचा टाइप 'आयरीडओन्लीलिस्ट' करा आणि गेटमधून '_ओळी.ॲझरीडओन्ली()' द्या, म्हणजे लिस्टभोवतीचं फक्त वाचता येणारं वेष्टन. नुसता टाइप बदलून भागत नाही, कारण समोरचा परत लिस्टमध्ये कास्ट करून (म्हणजे तिला लिस्ट टाइपची मानायला लावून) ॲड करून मोकळा होतो. वेष्टनावर तोच कास्ट केला तर इनव्हॅलिडकास्टएक्सेप्शन येतं. आयलिस्टमध्ये कास्ट जमतो, पण ॲड करताच नॉटसपोर्टेडएक्सेप्शन. यात यादीची कॉपी होत नाही, त्यामुळे वेगाची काळजी नको.

ओळ घालणं-काढणं फक्त 'ऑर्डर'च्या मेथडमधून. आणि 'एकूणनग' साठवूच नका, गेटमध्ये सम करा.

धागाकर्ता:
केलं, रिमूव्हॲट आता कंपाइलच होत नाही. पण 'ऑर्डर.ओळी[0].नग = 500' अजून चालतं. शिवाय ओळींवर फॉरईच फिरवताना 'ओळकाढा()' बोलावलं की इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन.

प्रतिसाद 2:
'ओळ' क्लासमधले सेट काढून इनिट करा (किंमत फक्त ओळ तयार होतानाच देता येते), सी शार्प 9 पासून आहे. नग बदलायचे तर जुनी ओळ काढून नवी घालायची.

दुसरं असं, की वेष्टन म्हणजे प्रत नव्हे. मागे तीच लिस्ट आहे, आणि फॉरईच चालू असताना तिच्यातली ओळ काढली की पुढच्या फेरीला तो अडतो. तिथे 'टूॲरे()'ने प्रत घेऊन तिच्यावर फिरा. ही प्रत प्रॉपर्टीच्या गेटमध्ये मात्र कृपया घेऊ नका. 500 ओळींच्या ऑर्डरवर कुणी फॉर लूप लिहिला, अटीत 'ओळी.काउंट' आणि आत 'ओळी[आय]', तर हजारावर प्रती निघतील आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. त्यासाठी 'ओळींचीप्रत()' अशी वेगळी मेथडच द्या.