थर्मल स्पॉटर गव्यांच्या राखणीला उपयोगी पडेल का?

प्रश्न – भुदरगडकर
नमस्कार मंडळी. राधानगरी अभयारण्यालगत आमचा ऊस आहे. शेतीची वीज रात्री येते, त्यामुळे पाणी पाजायला अंधारात जावे लागते आणि त्याच वेळी गवे शिवारात उतरलेले असतात. इंग्लंडमध्ये हरणांच्या व कोल्ह्यांच्या शिकारीत वापरतात तसला हातातला थर्मल स्पॉटर (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणारी दुर्बीण) भाचा पाठवतो म्हणतो. डिटेक्टर (उष्णता टिपणारा भाग) 384 बाय 288 पिक्सेलांचा, एकेक पिक्सेल म्हणजे ठिपका 12 मायक्रॉनचा, भिंग 19 मिलिमीटर. 900 मीटरवरचे जनावर दिसते, असा कंपनीचा दावा आहे. आम्हाला फक्त वाटेत गवा आहे की नाही, एवढे कळायला हवे.

उत्तर – रानवाट
दावा खोटा नाही, पण तो नुसते जनावर असल्याचे कळण्याचा आहे, ओळखण्याचा नव्हे. या भिंगातून 900 मीटरवर एक पिक्सेल सुमारे 57 सेंटीमीटर व्यापतो, म्हणजे अडीच मीटर लांबीचा गवा चार-पाच ठिपक्यांत संपतो आणि तो गवा की चरायला सुटलेली म्हैस, हे सांगता येत नाही. 200 मीटरवर तोच गवा वीसएक पिक्सेलांत येतो. तेव्हा खांद्याचा उंचवटा आणि खाली घातलेली मान स्पष्ट दिसते. आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे जांभ्याचे कातळ : दिवसभर तापलेले दगड संध्याकाळनंतर बराच वेळ जनावरासारखेच उजळ दिसतात, पहाटेपर्यंत ते निवले की चित्र निर्मळ होते. दाट धुके आणि पाऊस यांत पल्ला घटतो. गाडीच्या काचेतून तर काहीच दिसत नाही, कारण हे यंत्र उष्णतेचे जे लांब लहरींचे अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण टिपते, ते साधी काच अडवते. म्हणूनच याची भिंगे जर्मेनियमची असतात.

उत्तर – वनमित्र पन्हाळा
तिकडचे जाणकार शिकारी स्पॉटर बंदुकीपासून वेगळा ठेवतात, कारण नुसते पाहण्यासाठी बंदूक कोणाच्या दिशेने वळता कामा नये. इंग्लंडमध्येही रात्री हरणांवर गोळी झाडायला 1991 च्या कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारच बंद केली आहे आणि गवा त्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तेव्हा यंत्र पाहण्यापुरतेच वापरावे, कळप दिसल्यावर त्याच्या मागे लागू नये आणि वनरक्षकाला फोन करावा, ही कळकळीची विनंती.

भुदरगडकर
शिकारीचा विचार मनातही नाही. उभ्या उसाच्या आत बसलेला गवा दिसेल का?

रानवाट
नाही, आणि आपल्यासाठी हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. यंत्र पृष्ठभागाची उष्णता दाखवते, पाल्याआडची नाही. सरीच्या तोंडाशी उभे राहून आत पाहिले तर फटीतून पाठीचा एखादा उजळ तुकडा दिसेल, एरवी फड रिकामाच वाटेल. त्यामुळे बांध, पाणंद आणि विहिरीची वाट यांवरच नजर ठेवा, आणि यंत्रात काही दिसले नाही म्हणून एकट्याने फडात शिरू नका.