मदत हवी आहे: 'अननॅचरल'नंतर कोणती जपानी मालिका बघू?

मंडळी, जपानी मालिका बघणारं इथे कोणी आहे का? 'अननॅचरल' (२०१८) नुकतीच संपवली. संशयास्पद मृत्यूंची कारणं शोधणाऱ्या प्रयोगशाळेची गोष्ट, पण खुनी कोण यापेक्षा मागे राहिलेल्या माणसांवर जास्त भर. १० भागांत विषय संपला! आपल्याकडे तेवढ्यात साखरपुडासुद्धा उरकत नाही. त्याच लेखिकेची, आकिको नोगी यांची, 'एमआययू ४०४' पण पाहिली. पोलिसांची जोडी झकास, तरी 'अननॅचरल'ची सर नाही.

'हानझावा नाओकी'चा पहिला भाग पाहून थांबलेय. बँकेतलं राजकारण भारी आहे, पण सगळे इतके डोळे वटारून का बोलतात? पुढे सवय होते का, प्रामाणिकपणे सांगा.

आणखी एक. 'मिडनाइट डायनर' मी आईबरोबर बघते, सबटायटल्स मोठ्याने मराठीत सांगत. त्यामुळे तिच्यासाठी संवादांचा भडिमार नसलेलं, शांत, शक्यतो खाण्यापिण्याचं काहीतरी सुचवा. 'माकानाई' झालीय, आवडली.

'क्वार्टेट' कोणी पाहिलीय का? चार वादक एका घरात राहतात एवढंच माहीत आहे. रहस्य फोडू नका, फक्त बघू की नको ते सांगा.