मदत हवी आहे: नवजात बाळाच्या सेप्सिसची तीव्रता कोणत्या गुणांकाने मोजावी?

सातपुडा_पायथा (धागाकर्ता), सकाळी ९.१०
मी खानदेशातील एका तालुक्याच्या ठिकाणी नवजात शिशू कक्षात वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्या एका बाळाला संसर्ग अंगभर पसरून सेप्सिस झाला असून त्याला धुळ्याला किंवा जळगावला पाठवायचे की येथेच ठेवायचे, हे मला आज दुपारपर्यंत ठरवायचे आहे. एनसोफा (नवजाताचे अवयव किती निकामी होत आहेत ते मोजणारा) गुणांक काढला असता तो १५ पैकी ३ येतो, म्हणजे कागदावर आजार सौम्य ठरतो. बाळ मात्र मला सौम्य वाटत नाही. वरिष्ठांना दूरध्वनीवर "मला वाटते" असे सांगून भागत नाही, ते आकडा विचारतात. या गुणांकावर विसंबावे की दुसरा वापरावा, एवढेच सांगावे. सेप्सिस म्हणजे काय, हे कृपया कोणी समजावू नये.

जुनी_सिस्टर, ९.२२
डॉक्टरसाहेब, तीन गुण कशाकशाचे आले, ते तुम्ही लिहिलेलेच नाही. बाळ किती आठवड्यांचे, किती वजनाचे आणि कितव्या दिवसाचे आहे? श्वासाला कोणता आधार आहे? प्लेटलेटचा आकडा आजचा आहे की जुना? आणि "सौम्य वाटत नाही" असे म्हणताना तुम्ही बाळात नेमके काय पाहिले, तेही सांगा, कारण माझ्या मते तुमचे अर्धे उत्तर तिथेच आहे.

लॅबवाला_भुसावळ, ९.३०
या सर्व गुणांकांपेक्षा सीआरपी (संसर्गात रक्तात वाढणारे प्रथिन) पाहावे. ते किती आले आहे? दर सहा तासांनी करत राहिल्यास आजार कोणत्या दिशेने चालला आहे, ते आपोआप कळते.

नवजात_धुळे, ९.४१
भाऊ, सीआरपी वाढायलाच संसर्गानंतर सहा ते बारा तास लागतात. संसर्ग आहे का आणि औषधाला प्रतिसाद मिळतो आहे का, यासाठी ते उपयोगी आहे, परंतु मूत्रपिंड, हृदय आणि फुप्फुसे या क्षणी किती थकली आहेत, ते त्यातून कळत नाही. शिवाय एवढ्याशा बाळाचे रक्त दर सहा तासांनी काढत राहिलो, तर काही दिवसांत त्यालाच रक्त चढवण्याची वेळ येईल.

लॅबवाला_भुसावळ, ९.४५
मग प्रोकॅल्सिटोनिन ही तशीच दुसरी रक्ततपासणी करावी.

नवजात_धुळे, ९.४९
ते जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत निरोगी बाळातही वाढलेले असते, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते मिळेपर्यंत निर्णयाची वेळ टळून गेलेली असेल. मुख्य मुद्द्यावर येऊ या. धागाकर्त्यांनी माहिती द्यावी.

औषधी_विचार, ९.५५
मेरोपेनेम हे प्रतिजैविक ताबडतोब सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडील नवजातांमध्ये पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतले जंतू नसून ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला यांचेच राज्य आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचावा.

जुनी_सिस्टर, ९.५८
जंतूंबद्दलचे तुमचे म्हणणे खरे असले तरी औषध कोणते द्यावे, असे येथे कोणीही विचारलेले नाही.

यावलचा_बाप, १०.०६
मी डॉक्टर नाही, केळी पिकवतो. आमचे बाळ मे महिन्यात अशाच कक्षात होते. त्याला ताप आला तेव्हा बाहेर उन्हाचा पारा ४४ च्या वर गेला होता, म्हणून घरातले सगळे त्याला उन्हाचा ताप म्हणत राहिले आणि आमचा एक पूर्ण दिवस वाया गेला. तुमच्या बाळाचा ताप उन्हाचा तर नाही ना, ते आधी पाहावे. आणि पाठवायचेच असेल तर आजारी नवजाताची सरकारी वाहतूक मोफत असते, २०११ पासूनची योजना आहे, हे घरच्यांना आधीच सांगावे. आम्ही खासगी गाडीच्या भाड्यासाठी दोन तास पैसे गोळा करत बसलो होतो.

सातपुडा_पायथा, १०.२०
यावलकर भाऊ, आमच्या बाळाला ताप नाही, उलट ते थंड पडत आहे. वॉर्मरखाली असूनही काखेतील तापमान ३५.८ आहे. हे मी आधीच लिहायला हवे होते.

उरलेली माहिती अशी. बाळ ३३ आठवड्यांचे, १,७०० ग्रॅम वजनाचे असून आज त्याचा नववा दिवस आहे. ते जन्मापासून आमच्याच कक्षात आहे. सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) आहे, ऑक्सिजन ५० टक्के लागतो आणि तरीही सॅच्युरेशन ९१ च्या वर जात नाही. रक्तदाब सावरण्यासाठी डोपामाइन चालू आहे, स्टिरॉइड दिलेले नाही. छातीवर दाबून पाहिल्यावर रंग परत यायला पाच सेकंद लागतात. पोट फुगले आहे, दूध बंद केले आहे, आणि तळपायाला टिचकी मारल्याशिवाय बाळ हालचाल करत नाही. प्लेटलेट परवा १,४०,००० होत्या, आजचा नमुना गेला आहे. परवा सकाळी वाटी-चमच्याने पाजताना आईच म्हणाली होती, "पोऱ्या आज दूध पेत नही". तेव्हा आमच्याकडच्या सर्व तपासण्या ठीक होत्या.

जुनी_सिस्टर, १०.२६
माउलीचे ते वाक्य वेळेसह केसपेपरवर लिहून ठेवा. तुमच्या प्रयोगशाळेच्या आधी तिने निदान केले होते.

नवजात_धुळे, १०.४०
आता तुमच्या ३ चा उलगडा होतो. एनसोफामध्ये श्वसनाला ८, रक्ताभिसरणाला ४ आणि प्लेटलेटना ३ असे जास्तीत जास्त गुण आहेत. एका इनोट्रोपचे (हृदयाला बळ देणाऱ्या औषधाचे, म्हणजे तुमच्या डोपामाइनचे) २ आणि १,४०,००० प्लेटलेटचा १, असे तुमचे ३ झाले. श्वसनाचा मात्र शून्य आला, कारण या गुणांकात श्वासनलिकेत नळी असल्याशिवाय श्वसनाचे गुण मिळतच नाहीत. तुमच्या बाळाचे सॅच्युरेशन ९१ भागिले ०.५०, म्हणजे १८२ येते. हेच बाळ माझ्या कक्षात व्हेंटिलेटरवर असते, तर २०० च्या खाली म्हणून ४ गुण मिळाले असते आणि बेरीज ७ झाली असती. थोडक्यात, या शून्याने तुमच्या कक्षात व्हेंटिलेटर नाही, एवढेच मोजले आहे. २०२१ च्या बहुकेंद्री अभ्यासात ४ च्या वर गेलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये मृत्यूचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला होता, हे लक्षात घेतल्यास ३ आणि ७ यांतील फरक किती मोठा आहे ते कळेल.

अंकगणिती, १०.५२
सर, आदर राखून विरोध नोंदवतो. नळी नसताना "असती तर" म्हणून गुण देणे म्हणजे गुणांक आपल्या सोयीने वाकवणे होय. मुळात तो २०२० मध्ये १,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांतील उशिरा होणाऱ्या सेप्सिससाठी मांडला गेला. हे बाळ १,७०० ग्रॅमचे आहे. त्यापेक्षा कैसर कॅल्क्युलेटर का वापरू नये?

नवजात_धुळे, ११.०१
कारण तो ३४ आठवडे आणि त्यापुढच्या बाळांना जन्मतःच संसर्ग असण्याची शक्यता सांगतो, तीव्रता नव्हे. हे बाळ ३३ आठवड्यांचे आहे, नऊ दिवसांचे आहे आणि त्याला सेप्सिस झालेला आहे. त्या कॅल्क्युलेटरने आता काय सांगायचे राहिले? गुण वाकवू नयेत, हा आपला आक्षेप मात्र मला मान्य आहे. म्हणून वरिष्ठांना एकच आकडा न सांगता "नियमाने ३, परंतु सीपॅपवर गुणोत्तर १८२" अशी दोन वाक्ये स्वतंत्र सांगावीत.

आमच्यासारख्या ठिकाणांसाठी मला निओसेप गुणांक अधिक योग्य वाटतो. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, ११ देशांतील तीन हजारांहून अधिक बाळांच्या निरीक्षणांवर उभा आहे आणि त्या देशांत भारतही आहे. त्यात वजन, आठवडे, जन्मापासून रुग्णालयात गेलेला काळ आणि जन्मजात व्यंग यांच्या जोडीला तापमान, श्वासाचा आधार, पोट फुगणे, दूध न घेणे, सुस्ती आणि शॉकची चिन्हे पाहतात. धागाकर्त्यांच्या यादीशी ताडून पाहा. या शेवटच्या सहापैकी एकही बाब या बाळात ठीक नाही, आणि त्यातल्या एकीसाठीही प्रयोगशाळा लागलेली नाही.

अंकगणिती, ११.०८
हे पटले. एका वेळच्या आकड्यापेक्षा सहा-सहा तासांनी काढलेले आकडे शेजारीशेजारी मांडावेत, एवढीच भर घालतो.

सातपुडा_पायथा, १२.३५
आजच्या प्लेटलेट ६२,००० आल्या. नियमाने गुणांक ३ वरून ४ झाला, म्हणजे एकाच गुणाने वाढला. प्लेटलेट मात्र दोन दिवसांत निम्म्याहूनही खाली आल्या आहेत. सरांनी सुचवल्याप्रमाणे वरिष्ठांना दोन्ही वाक्ये वेगवेगळी सांगितली आणि सोबत सहा चिन्हे वाचून दाखवली. जागा मिळाली आहे, तासाभरात निघतो. एक प्रश्न राहिला: नळी निघण्यापूर्वीच टाकावी का?

नवजात_धुळे, १२.४१
श्वास मध्येच थांबत असेल किंवा ऑक्सिजनची गरज ५० टक्क्यांच्याही वर चढत असेल, तर होय, आणि ते कक्षातच, उजेडात, दोन माणसे हाताशी असताना करावे. वाहनात ती वेळ येऊ देऊ नये. निघण्यापूर्वी रक्तातील साखर पाहावी आणि बाळ गरम करून घ्यावे.

सातपुडा_पायथा, १२.४४
पहाटेपासून दोन वेळा श्वास थांबला होता. हेही लिहायचे राहून गेले. नळी टाकतो.

जुनी_सिस्टर, १२.४७
साहेब, आईला त्याच गाडीत घ्या. आणि ब्लड कल्चर कोणत्या वेळी घेतले, प्रतिजैविकाच्या आधी की नंतर, ते चिठ्ठीवर ठळक लिहा, कारण पुढच्या कक्षातील सिस्टर सर्वांत आधी तेच विचारणार आहे.