पॉरिज, ओटमील आणि आपल्या कण्या

एका ताईंनी विचारलंय, पॉरिज आणि ओटमील एकच का? नाही. कुठलंही धान्य भरडून पाण्यात किंवा दुधात मऊ शिजवलं की ते पॉरिज. ओटमील मात्र ओट्सचंच. घोळ होतो तो नावामुळे: अमेरिकेत शिजवलेल्या पदार्थालाच ओटमील म्हणतात, ब्रिटनमध्ये ओटमील म्हणजे ओट्सचा कोरडा भरडा. म्हणून पाककृती कुठली आहे ते आधी बघा.

आम्हा सोलापूरकरांना हे पटकन समजतं. डब्यात असतो तो ज्वारीचा भरडा, शिजला की कण्या. मालदांडी ज्वारीच्या कण्या, मीठ आणि वरून ताक, हेही पॉरिजच, आणि मला ओट्सपेक्षा कितीतरी जास्त आवडतं. भरडा आधी गार पाण्यात कालवून मग आधणात सोडा, गुठळ्या होत नाहीत.