जेकब रीस शिकवताना मुंबईच्या चाळींचे जुने फोटो हवे आहेत

मंडळी, मदत हवी आहे. अकरावीच्या मुलांसाठी जेकब रीसवर एक तास तयार करते आहे. डेन्मार्कहून न्यूयॉर्कला गेलेला हा पोलीस-बातमीदार. तिथल्या मलबेरी स्ट्रीटच्या आसपास, गरीब स्थलांतरितांच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत फ्लॅशची पूड पेटवून त्याने आणि त्याच्या साथीदारांनी फोटो काढले. आधी ते पडद्यावर दाखवत व्याख्याने दिली, मग १८९०मध्ये पुस्तक आले. न्यूयॉर्कमधल्या १९०१च्या भाड्याच्या घरांच्या कायद्यामागे त्या कामाचाही वाटा होता.

पण झोपेतून दचकलेल्या त्या माणसांना कुणी विचारले होते का? शिवाय इटालियन, ज्यू आणि चिनी लोकांबद्दल तो जे सरसकट लिहितो, ते मला वाचवत नाही. हेही मुलांसमोर ठेवायचेच आहे.

आता प्रश्न. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८मध्ये शहराच्या सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था स्थापन झाली. त्या काळातल्या चाळींच्या आतले फोटो कुठे पाहता येतील? आणि खोलीत राहणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले, निदान मराठी वर्तमानपत्रांत छापून आलेले काही? सरकारी अहवाल माझ्याकडे आहेत, त्यांत माणसे बोलत नाहीत. ग्रंथालयाचे नाव कळले तरी पुरे, मी जाऊन शोधेन.